मॅग्नेशियम आणि जिवाणूंचं विष

प्रश्न : वडिलांचा लघवीचा संसर्ग रक्तात पसरला, रक्तदाब कोसळला. डॉक्टरांनी मॅग्नेशियमही दिलं. त्याचा काय संबंध?

उत्तर : संबंध आहे. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष रक्तात उतरलं, की रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड बेसुमार तयार होतं. त्यामुळे त्या सैलावतात, रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनलाही दाद देईनाशा होतात. अतिदक्षता विभागात औषधाचा वेग वाढवत जावा आणि मॉनिटरवरचा आकडा हलू नये, हे मी फार पाहिलंय. मॅग्नेशियम कमी असलेल्या उंदरांत हेच विष दाह अधिक भडकवतं, अधिक जीव घेतं. शरीरातलं 1 टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम रक्तात असतं. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असूनही साठा रिता असू शकतो. प्रतिजैविकं आणि सलाइन मात्र आधी. मूत्रपिंड मंदावलं असेल, तर मॅग्नेशियम जपूनच द्यावं लागतं.