‘स्टेज डोअर कँटीन’सारख्या तारेतारकांच्या युद्धकाळातल्या चित्रपटांनी सैनिकांचं मनोधैर्य खरंच वाढलं का, की ती नुसती जाहिरातबाजी होती?

जाहिरातबाजी होतीच, त्यात लपवायचं काय? १९४३ सालचा सिनेमा, महायुद्ध ऐन भरात, पडद्यावर अर्धं ब्रॉडवे आणि अर्धं हॉलिवूड. पण तो ‘नुसती’ शब्द तुम्ही इतक्या सहज लिहिलात की मला झोंबला. कारण त्या सिनेमातल्यासारख्या, सैनिकांना खाऊपिऊ घालणाऱ्या कँटीनच्या आतल्या बाजूला मी उभी राहिलेली आहे. न्यूयॉर्कला नाही, मनमाडला.

१९७१. दिवाळी उलटून गेली होती. लढाई अजून लागायची होती, पण मिलिटरी स्पेशल गाड्या सुरू झाल्या होत्या. दौंडकडून आलेली गाडी इंजिन बदलायला थांबायची. तेवढ्या वेळात आमचं महिला मंडळ फलाटावर चहा द्यायचं. मी एकोणीस वर्षांची, ताई बावीसची. साखरेची ओढाताण, म्हणून गुळाचा चहा, जर्मनच्या पिंपात. सोबत घरोघरचा उरलेला चिवडा, वर्तमानपत्राच्या पुड्यांत. अध्यक्षीणबाईंचा नियम पक्का: चहा द्यायचा, ‘जय हिंद’ म्हणायचं, पुढच्या खिडकीशी जायचं. नाव-गाव काही नाही.

एका खिडकीत एक मुलगा होता. मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. घोट घेतला आणि म्हणाला, “गूळ लई पडलाय, ताई.” मला हसू आलं. विचारलं, गाव कोणतं? म्हणाला, नेसरी, गडहिंग्लजकडं. आणि मग जो सुटला! घरचा ऊस, आता गुऱ्हाळ लागलं असेल, काहिलीपाशी कोण बसणार, थोरल्या भावाला पाक कधी उतरवायचा ते कळत नाही, गेल्या वर्षी अख्खी काहील करपवली त्यानं. लढाईचं अवाक्षर नाही. दहा मिनिटं मी पिंप विसरून उभी. शेवटी त्यानं विचारलं, “तुमचं नाव?” मी सांगितलं. गाडी हलली.

ताईनं ते पाहिलं आणि बाईंना जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी नळावर, ग्लास विसळायला. घरी काय झालं ते सांगत बसत नाही. तो मला ‘ताई’ म्हणत होता, हे कोणी ऐकूनच घेतलं नाही.

गेल्या वर्षी नातवानं हा सिनेमा लावून दिला, इंटरनेटवर सहज मिळतो. ताई तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. ते कँटीन खरोखरचं होतं बरं का. न्यूयॉर्कच्या चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर, थिएटरच्या तळघरात, अमेरिकन थिएटर विंग या नाटकवाल्यांच्या संस्थेनं मार्च १९४२ मध्ये उघडलेलं. गणवेश हेच तिकीट, खाणंपिणं फुकट, दारू नाही. आणि तिथल्या मुलींनी सैनिकांना बाहेर भेटायचं नाही, हा नियम. सिनेमाची सगळी गोष्ट त्याच नियमाभोवती. ताई खुर्चीतून अर्धी उठली. “बघ! अमेरिकेतसुद्धा होता!” ५० वर्षं हिला साक्षीदार मिळत नव्हता, तो मिळाला.

पण पुढे जॉनी वाइसमुलर, टारझनचं काम करणारा तो धिप्पाड गडी, स्वयंपाकघरात भांड्यांच्या कामाला दिसतो. म्हटलं, बघ, टारझन हौसेनं करतोय ते काम मला शिक्षा म्हणून दिलंत तुम्ही.

त्यातला सगळ्यात चांगला प्रसंग गाण्याचा नाहीच. कॅथरिन कॉर्नेल ही रंगभूमीवरची फार मोठी नटी. सिनेमात भूमिका अशी तिनं एवढीच केली. ती फळं वाटत उभी असते. समोरचा पोरगा तिला ओळखतो आणि लाजत लाजत रोमिओची वाक्यं म्हणायला लागतो, आणि ही काउंटरपलीकडून ज्युलिएट होऊन उत्तर देते. बस. मनोधैर्य म्हणतात ते हे. येहुदी मेन्युइनचं व्हायोलिन मोठंच, बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर पेगी ली गाते तेव्हा मी मान डोलावली, एथेल वॉटर्स आणि काउंट बेसीही आहेत. पण ते ऐकायचं. बोलतं कोण तुमच्याशी?

(हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉनही आहे. तिचा जन्म मुंबईचा, १९११ चा. आई आपल्याकडची म्हणून बिचारीनं तो जन्मभर लपवला, टास्मानियाचं नाव सांगत राहिली. पडद्यावर ती दिसल्यावर मी ‘आपली, आपली’ म्हणून ओरडले, तर नातू घाबरला.)

तुमचा प्रश्न राहिलाच. माझ्या मते असे सिनेमे सैनिकांपेक्षा घरी राहिलेल्या आयांसाठी जास्त होते. आपला पोरगा निघण्याआधी चार चांगल्या लोकांत बसला, कोणी त्याला संत्रं दिलं, एवढं त्यांना दिसलं. पैशाचा मोठा वाटाही त्या नाटकवाल्यांच्या संस्थेला गेला. हे नुसतं नाही.

दोषही सांगते. सिनेमा दोन तासांच्या वर चालतो आणि गोष्ट दोऱ्याएवढी. ग्रेसी फील्ड्सचं मशीनगनचं गाणं आज ऐकवत नाही. खऱ्या कँटीनमध्ये काळ्या-गोऱ्या सैनिकांना एकाच दारानं प्रवेश होता, तेही अमेरिकी लष्करात पलटणी वेगळ्या असताना. ही अभिमानाची गोष्ट सिनेमात पुरती उतरलेली नाही. शेवटाकडे नटी कॅथरिन हेपबर्न नायिकेला समजावते की तुझा सैनिक लढाईवर निघून गेला, तू कामाला लाग. तिथे ताईच्या डोळ्याला पदर लागला, हेही लिहिलं पाहिजे.

तेव्हा कधी अशा कामाला उभे राहिलात, तर खुशाल नाव विचारा. मी माझं सांगितलं, त्याचं विचारायचं राहिलं. डिसेंबरात लढाई लागली. पुढे किती दिवस पेपरातल्या याद्या वाचायचे. पण नेसरी एवढ्या एका शब्दावर शोधणार काय?

आणि ताई, तू हे वाचशीलच. त्या दिवशी चहा तू केला होतास. गूळ तुझ्याच हातून जास्त पडला होता.