भीमाशंकरला पहिल्यांदा जाताय? मग एवढं करा

मस्त जागा निवडलीत! पायथ्याच्या खांडस गावावरून चढणार असाल तर पहिल्या वेळी गणेश घाटानेच जा, शिडी घाट पावसात निसरडा होतो आणि नवख्यांनी तिथे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेकरू (झाडावर राहणारी मोठी खार) बघायचं असेल तर

- सकाळी लवकर जंगलात शिरा
- महाशिवरात्री, श्रावणी सोमवार टाळा

नवीन लोक हमखास चुकतात ते म्हणजे गप्पा मारत चालतात आणि नजर खाली ठेवतात, अहो शेकरू वर असतं! फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते त्याचं घरटं, तिथे दहा मिनिटं गप्प उभे राहा, आधी तांबूस झुपकेदार शेपटीच लोंबताना दिसते. खायला मात्र काही टाकू नका, प्लीज.