युरोपियन युनियनचा कारभार लोकांना कितपत जबाबदार आहे आणि सुधारणा नेमकी कुठे हवी?

हा प्रश्न आम्हा सांगलीकरांना वाटतो तितका परका नाही. तासगावच्या बागेतली द्राक्षे युरोपला पाठवताना रेसिड्यू, म्हणजे फवारलेल्या औषधाचा उरलेला अंश, तपासायला नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि कोणत्या औषधाचा किती अंश चालेल हे ठरते युनियनचा कारभार चालतो त्या ब्रुसेल्समध्ये. आपले तिथे मत नाही हे उघडच आहे. पण तिथल्या मतदाराचाही हात त्या निर्णयापर्यंत पूर्ण पोहोचत नाही, ही खरी मेख आहे.

युरोपीय संसद १९७९ पासून थेट निवडून येते आणि आज तिचे ७२० सदस्य आहेत. तरीही कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार, थोडे अपवाद वगळता, २७ आयुक्तांच्या युरोपीय आयोगाकडेच, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाकडेच आहे. आपल्या जिल्हा परिषदेतला सदस्यसुद्धा ठराव मांडू शकतो. तिथला खासदार मात्र आयोगाला फक्त विनंती करू शकतो. संसदेला दोन तृतीयांश मतांनी आयोग बरखास्त करता येतो, आणि १९९९ मध्ये त्या धास्तीने सांतेर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने सामूहिक राजीनामा दिला. पण हे हत्यार इतके जड आहे की रोजच्या कारभारावर त्याचा वचक राहत नाही.

आयोगाच्या अध्यक्षपदाचेही तसेच. २०१४ मध्ये पक्षांनी आधी जाहीर केलेल्या उमेदवारांपैकी युंकर अध्यक्ष झाले, तर २०१९ मध्ये सदस्य देशांच्या राष्ट्रप्रमुखांनी व सरकारप्रमुखांनी त्या यादीबाहेरच्या फॉन डेर लायन यांचे नाव पुढे केले. माझ्या मते पहिली सुधारणा प्रस्तावाच्या अधिकाराची हवी, परंतु त्यासाठी मूळ करार बदलावे लागतात आणि तिथे एका सदस्य देशाचा नकारही पुरतो.