दिल्लीत आई-वडिलांना घेऊन जातोय, राजीव चौक मेट्रोजवळच हॉटेल घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात पाच दिवसांसाठी पुण्याहून पाच जण दिल्लीला येताय, सोबत लेक आणि सत्तरीचे आई-वडील, आईंचे गुडघे दुखतात, दोन खोल्यांचं मिळून रोजचं बजेट पाच हजार, आणि ॲपवर राजीव चौकापासून 'फक्त ५०० मीटर' असं लिहिलेलं एक हॉटेल दिसतंय. ते घ्यावं का?

माझं उत्तर: नका घेऊ. एवढ्या पैशांत करोल बाग किंवा झंडेवालान स्टेशनजवळ हॉटेल बघा, तेही मेट्रोच्या लिफ्टवाल्या गेटच्या बाजूला. मी बरीच वर्षं दिल्लीत राहते, माहेरची-सासरची माणसं हिवाळ्यात येत असतात आणि त्यांच्यासाठी हॉटेल शोधायचं काम माझ्याकडेच असतं. त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते.

राजीव चौक म्हणजे कॅनॉट प्लेस. १९२९ ते १९३३ या काळात बांधलेली ही गोल बाजारपेठ, मध्ये बाग आणि बागेच्या पोटात मेट्रो स्टेशन. पिवळी आणि निळी अशा दोन मुख्य लाइनी इथे एकमेकींना छेदतात, निळी वरच्या मजल्यावर, पिवळी खालच्या. नकाशात पिन स्टेशनच्या मधोमध टोचलेली असते आणि ॲप तिथून सरळ रेघेत अंतर मोजतं. तुम्ही मात्र फलाटावरून वर येणार, लांबलचक भुयारी वाटेने योग्य गेट शोधणार, आतल्या वर्तुळात बाहेर पडणार, मग वळसा घालून बाहेरच्या वर्तुळापर्यंत जाणार, तिथला वाहता रस्ता ओलांडणार आणि मग कुठे गल्लीत शिरणार. त्या ५०० मीटरांचे चालताना सहज दुप्पट होतात. गेट चुकलं तर गोल रस्त्यावर दिशा कळत नाही, सगळे पांढरे खांब सारखेच दिसतात. शिवाय अडीच हजारांत इथे जी खोली मिळते ती बहुतेक वेळा जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, अरुंद उभ्या जिन्याने चढून जायची. आईंच्या गुडघ्यांना ते रोज दोनदा करायला लावू नका.

संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत राजीव चौकात गाडी बदलणं म्हणजे दादर स्टेशनच्या पुलावर लोकलच्या ऐन गर्दीत उभं राहणं. तुम्ही-आम्ही निभावून नेतो. सत्तरीच्या माणसाला त्यातून दिवसभर फिरून आल्यावर नेऊ नये.

आता पहाडगंज. तुम्ही नाव काढलं नाहीत, पण ॲपवर सगळ्यात स्वस्त तेच दिसेल आणि खाली लिहिलेलं असेल 'नवी दिल्ली मेट्रोपासून ६०० मीटर'. इथे नीट लक्ष द्या. नवी दिल्ली रेल्वे स्टेशनला दोन बाजू आहेत. पहाडगंजची बाजू म्हणजे फलाट क्रमांक १, आणि अजमेरी गेटची बाजू म्हणजे फलाट क्रमांक १६. मेट्रो आहे ती अजमेरी गेटच्या बाजूला, पिवळी लाइनही आणि विमानतळाची एक्स्प्रेस लाइनही. म्हणजे हॉटेल आणि मेट्रो यांच्यामध्ये अख्खं रेल्वे स्टेशन आडवं. माझी मावशी आणि काका असेच एका हॉटेलात उतरले होते. रोज संध्याकाळी मेट्रोतून उतरायचं, पुलावर चढायचं, डोक्यावर बॅगा घेतलेल्या हमालांतून, गाडी पकडायला धावणाऱ्यांतून वाट काढायची, पलीकडे उतरायचं आणि मग रिक्षावाल्यांच्या गराड्यातून मेन बाजारात शिरायचं. काका मधुमेही, पायाला जपणारे. दोन संध्याकाळींतच ते कंटाळले आणि मेट्रो सोडून रिक्षाच करायला लागले. पहाडगंज घ्यायचंच असेल तर मेन बाजाराच्या पश्चिम टोकाकडचं घ्या. तिथून निळ्या लाइनीचं रामकृष्ण आश्रम मार्ग स्टेशन जवळ पडतं आणि पूल ओलांडावा लागत नाही. एकटा तरुण मुलगा असेल तर मी त्याला हे खुशाल सुचवते. तुमच्या कुटुंबाला नाही.

करोल बाग का, ते सांगते. ते निळ्या लाइनीवर आहे, राजीव चौकाच्या तीन स्टेशनं अलीकडे: करोल बाग, झंडेवालान, रामकृष्ण आश्रम मार्ग, मग राजीव चौक. परत येताना तुम्ही राजीव चौकात उतरत नाही, बसूनच पुढे येता, आणि बरीच गर्दी तिथे उतरून गेलेली असते. लाल किल्ल्याला जायचं तर बहुतेक लोक राजीव चौकात बदलून चांदनी चौकला उतरतात. तुम्ही तसं करू नका. तसंच बसून मंडी हाउसपर्यंत जा, तिथे जांभळी लाइन घ्या: आयटीओ, दिल्ली गेट, जामा मशीद आणि मग लाल किला. मंडी हाउसला बदलणं कितीतरी शांत आहे. राजघाटसाठी त्याच लाइनीवर दिल्ली गेटला उतरून रिक्षा करा. लोटस टेंपलसाठी जांभळी लाइनच, कालकाजी मंदिर स्टेशन. अक्षरधामला तर गाडी बदलायचीच नाही, निळी लाइन थेट जाते. फक्त यमुना बँकच्या पुढे तिला दोन फाटे फुटतात, म्हणून नोएडाकडे जाणारी गाडी पकडा, वैशालीची नको. पिवळी लाइन तुम्हाला खरी लागेल ती कुतुबमिनारसाठी, तेव्हा सकाळी दहानंतर जा, ऑफिसची गर्दी ओसरलेली असते. तिथेही स्टेशनपासून मिनार चांगलाच लांब आहे, रिक्षा करावी लागते. लाल किल्ला आणि अक्षरधाम सोमवारी बंद असतात, करोल बागचा बाजारही सोमवारी बंद. पाच दिवसांत सोमवार येत असेल तर तो इंडिया गेट, युद्ध स्मारक आणि कुतुबसाठी ठेवा.

लेकीला खिडकीपाशी उभं करा. झंडेवालान सोडून करोल बागकडे येताना गाडी पुलावरून जाते आणि हनुमानाची १०८ फुटी मूर्ती अगदी जवळून दिसते. माझा भाचा दर वेळी ती बघायला दाराला चिकटतो.

करोल बागेतही सगळं सारखं नाही. पत्त्यात 'करोल बाग' लिहिलेलं हॉटेल पार उत्तरेला देवनगरच्या अंगालाही असू शकतं, तिथून मेट्रो चालत फार लांब. तुम्हाला हवाय तो पूसा रोडच्या जवळचा पट्टा. स्टेशन या रस्त्यावरच उंचावर बांधलेलं आहे. पूसा रोड रुंद आणि भरधाव, त्यामुळे हॉटेल कोणत्या बाजूला आहे हे बघा आणि रस्ता खालून ओलांडण्यापेक्षा स्टेशनच्या आतूनच बाजू बदला. अजमल खान रोडचा पूसा रोडकडचा भाग २०१९ पासून पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे, संध्याकाळी आई-बाबांना तिथे निवांत फिरता येईल.

हॉटेल बुक करण्याआधी फोन करा. ॲपवरच्या नंबरवर नाही, नकाशावर हॉटेलचा स्वतःचा जो नंबर असतो त्यावर. मी असं विचारते: "भैया, मेट्रो के किस गेट से उतरें? लिफ्ट वाला गेट कौन सा है?" ज्याचं हॉटेल खरंच जवळ आहे तो लगेच गेटचा नंबर सांगतो, समोर कोणतं दुकान दिसेल तेही सांगतो. ज्याचं लांब आहे तो म्हणतो, "बस जी, दो मिनट पैदल है, आप आ जाइए, हम लड़का भेज देंगे." हे दुसरं उत्तर आलं की मी फोन ठेवते. प्रत्येक गेटला लिफ्ट नसते, म्हणून हा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. दिल्ली मेट्रोच्या वेबसाइटवर प्रत्येक स्टेशनची गेटं आणि लिफ्ट दिलेल्या असतात, हॉटेलवाल्याने सांगितलेलं तिथे ताडून बघा.

दुसरं विचारायचं ते खिडकीबद्दल. करोल बाग आणि पहाडगंजमध्ये जागा चिंचोळ्या, त्यामुळे कितीतरी खोल्यांना खिडकी नसते, किंवा असते ती आतल्या डक्टमध्ये उघडते. फोटोत पडदा लावलेला दिसतो, मागे भिंत असते. हे केवळ हवेसाठी सांगत नाही. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे करोल बागेतल्याच एका हॉटेलला आग लागली आणि १७ माणसं गेली. तेव्हापासून मी कुणासाठीही हॉटेल बघते तेव्हा तीन गोष्टी विचारल्याशिवाय राहत नाही: रस्त्याकडे उघडणारी खिडकी आहे का, दुसरा जिना आहे का, आणि तो जिना मोकळा आहे की गाद्या-बादल्या ठेवायला वापरतात. खोली पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची मागा. चेक-इन झाल्यावर सामान ठेवायच्या आधी तो दुसरा जिना स्वतः चालून बघा. वयस्कर माणसं सोबत असताना यात भीड ठेवू नका, रिसेप्शनवरच्या मुलाला काय वाटेल याचा विचारही करू नका.

गीझरचं विचाराच, डिसेंबरात दिल्लीचं पाणी हाताला झोंबतं. खोली गरम करायला हीटर देतात का आणि त्याचे वेगळे पैसे लावतात का, हेही. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ असू द्या.

चेक-इनची वेळ बघा. मुंबईहून राजधानीने येणारे साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला उतरतात आणि हॉटेलवाले खोली बारा किंवा दोनला देतात. रात्रभर प्रवास केलेल्या आई-बाबांना चार तास सोफ्यावर बसवायचं नसेल तर लवकर चेक-इनचं आधी बोलून, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तुम्ही पुण्याहून रेल्वेने आलात तर बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीनला थांबतात, नवी दिल्लीला जात नाहीत. तिथून मेट्रो आहे, पण पाच माणसं आणि बॅगा घेऊन ती बदलत करोल बागला जाण्यात अर्थ नाही. स्टेशनबाहेर पोलिसांच्या प्रीपेड बूथवरून टॅक्सी घ्या. मेट्रोत माणशी २५ किलोपर्यंतच सामान चालतं आणि प्रत्येक बॅग स्कॅनरमधून जाते, ती उचलून ठेवायची-काढायची तुम्हालाच. विमानाने टर्मिनल ३ ला आलात तर मात्र एअरपोर्ट एक्स्प्रेस फार चांगली. सगळे शेवटच्या नवी दिल्ली स्टेशनापर्यंत जातात, तुम्ही एक स्टेशन आधी शिवाजी स्टेडियमला उतरा. तिथे गर्दी कमी, रिक्षा लगेच मिळते आणि करोल बाग तिथून जवळ आहे. तुमचं विमान टर्मिनल १ ला उतरणार असेल तर ही लाइन तिथे नाही, टॅक्सीच करा.

रेल्वे स्टेशनबाहेर कुणी गोड बोलून म्हणालं की तुमचं हॉटेल बंद झालंय, रस्ता बंद आहे, बुकिंग रद्द झालंय, तर थांबू नका. हॉटेलला स्वतःच्या फोनवरून फोन लावा. ही जुनी फसवणूक आहे, आणि थकलेल्या, सामानाने वाकलेल्या माणसांनाच गाठतात.

पुणे मेट्रोचं एनसीएमसी कार्ड (वेगवेगळ्या शहरांत चालणारं प्रवासाचं कार्ड) तुमच्याकडे असेल तर ते घेऊन या, दिल्ली मेट्रोतही चालतं. ऑगस्ट २०२५ पासून इथलं भाडं ११ ते ६४ रुपये आहे, एअरपोर्ट लाइनचं वेगळं.

महाराष्ट्र सदनात राहायला मिळेल का, हे पुष्कळ जण विचारतात. सरकारी कामाने येणाऱ्यांना तिथे आधी जागा मिळते, म्हणून त्या भरवशावर बेत आखू नका. पण जेवायला जरूर जा. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या सदनाच्या कँटीनमध्ये बाहेरच्यांनाही मिळतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छोले-पराठ्यांनी कंटाळलेल्या बाबांना तिथे साधं आपल्या चवीचं जेवण मिळालं की बरं वाटेल. मंडी हाउसला उतरून रिक्षा करा.

एक दिवस आग्र्याला जायचं ठरवत असाल तर शुक्रवार टाळा, ताजमहाल बंद असतो. सकाळी सहाची भोपाळ शताब्दी नवी दिल्लीहून सुटते, तेव्हा मेट्रोवर विसंबू नका, पहिली गाडी त्या वेळेत तुम्हाला पोचवणार नाही, आणि रविवारी काही लाइनी आणखी उशिरा सुरू होतात. वयस्कर माणसांसाठी मी निजामुद्दीनहून आठनंतर सुटणारी गतिमान एक्स्प्रेस सुचवते. त्या दिवसाची टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवा आणि गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन झोपायच्या आधी लिहून घ्या, कारण डिसेंबरच्या धुक्यात पहाटे ॲपवर गाडी मिळेलच असं नसतं.