काळ्या जमिनीवरील अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत. ठेकेदार कसा निवडावा आणि पुढे निगा कशी राखावी?

आपण विचारले आहे की, यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावच्या घरासमोर सुमारे 600 चौरस फुटांचे अंगण आहे, गावातला ठेकेदार चौरस फुटाच्या भावात तेथे पेव्हर ब्लॉक बसवून द्यायला तयार आहे, तर त्याला काम देण्यापूर्वी काय पाहावे आणि नंतर निगा कशी राखावी. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि हे काम मी दोनदा करून घेतले आहे, एकदा फसून आणि एकदा नीट, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न ब्लॉकचा नसून जमिनीचा आहे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ही जमीन मानवते, फरसबंदीला मानवत नाही. माझ्या पहिल्या ठेकेदाराने मे महिन्यात, भेगा पूर्ण उघड्या असताना, वरची माती थोडी खरवडली, तिच्यावर दोन इंच चुरी (खडी क्रशरमधला दगडाचा बारीक चुरा) पसरली आणि तीन दिवसांत ब्लॉक बसवून दिले. काम देखणे झाले होते. ऑगस्टमध्ये अंगणाचा मधला भाग वर आला आणि दिवाळीनंतर कापसाची ट्रॉली आत घेतली तेव्हा चाकांच्या दोन चाकोऱ्या खोल रुतल्या. विचारले तर तो म्हणाला, ‘जमीनच अशी आहे, भाऊ.’ ते खरेच होते. पण ते त्याला आधीही ठाऊक होते.

म्हणून ठेकेदाराला सर्वांत आधी एकच गोष्ट विचारावी : किती खोल खणणार आणि त्यात काय भरणार? याचे उत्तर देण्याआधी जो रंग आणि नक्षीचे फोटो दाखवू लागतो, त्याच्याविषयी मी सावध राहीन. अंगणात ट्रॅक्टर येत असेल तर काळी माती निदान 10 ते 12 इंच काढून टाकावी, खड्ड्याच्या तळाशी पाणी मारून धुम्मस करावा, म्हणजे जड ठोकळ्याने तळ ठोकून घट्ट करावा, आणि त्यावर 8 इंच कडक, कमी मातीचा मुरूम चार-चार इंचांच्या दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून, रोलरने किंवा प्लेट व्हायब्रेटरने दाबून घ्यावा. त्यावर दीड इंच जाड, धुतलेली वाळू आणि मग ब्लॉक. चुरी स्वस्त पडते हे मान्य, पण तिच्यातली बारीक भुकटी पाणी धरून ठेवते.

मुरमाचा हिशेब स्वतः करावा, कारण पैसा सर्वाधिक येथेच मुरतो. 600 चौरस फुटांवर 8 इंच म्हणजे दाबलेला 400 घनफूट, अर्थात 4 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). सैल मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून 5 ब्रास धरावा. ट्रॉली आली की आतली लांबी, रुंदी आणि भरावाची उंची टेपने फुटांत मोजून गुणाकार करावा. 100 आले तर ब्रास पूर्ण झाला. मुरूम हे गौण खनिज असल्यामुळे रॉयल्टीची, म्हणजे त्यावरील सरकारी शुल्काची, पावतीही मागून घ्यावी, नाहीतर ट्रॉली अडवली गेल्यास काम आपल्याच दारात अडून राहते.

ब्लॉक शक्यतो आपण स्वतः कारखान्यातून आणावेत आणि ठेकेदाराला केवळ मजुरीचा ठेका द्यावा. हलक्या वाहनांसाठी 60 मिलिमीटर जाडीचा, एम-35 प्रतीचा (ही काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) ब्लॉक पुरतो. 50 मिलिमीटरचा ब्लॉक फक्त पायवाटेला वापरावा. ब्लॉक ओतून 28 दिवस झाले आहेत का, हे अवश्य विचारावे, कारण मागणी वाढली की आठवडाभराचा कोवळा मालही विकला जातो. मी एक सोपी परीक्षा करतो : दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवलेला ब्लॉक काट्यावर तोलायचा, 24 तास पाण्यात बुडवून ठेवायचा, पुसून पुन्हा तोलायचा. भारतीय मानकात सरासरी पाणीशोषणाची मर्यादा 6 टक्के आहे, म्हणजे 4 किलोच्या ब्लॉकचे वजन 240 ग्रॅमहून अधिक वाढू नये. घरच्या काट्यावरचा हा अंदाजच आहे, पण पाव किलोच्या बराच वर गेलेला माल मी परत पाठवला आहे.

उतार दर दहा फुटांना दोन इंच असावा, तो घराच्या भिंतीपासून नालीकडे जावा आणि ब्लॉक बसण्यापूर्वी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी पाहून तपासून घ्यावा. चारही कडांना काँक्रीटचा कठडा हवाच. तो नसेल तर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात आणि मग सगळीच वीण सैल होते. सांध्यांत सिमेंटचे पाणी ओतण्याचा आग्रह काही मिस्त्री करतात. काळ्या जमिनीवर तो मानू नये, कारण जमीन हलली की ते सांधे तडकतात. कोरडी, बारीक वाळू झाडूने भरावी, व्हायब्रेटर फिरवावा आणि पुन्हा भरावी.

काम संक्रांतीनंतर काढलेले बरे. कापसाची वेचणी उरकत आलेली असल्याने मजूर मिळू लागतात आणि जमीनही मेइतकी भेगाळलेली नसते. पैशांचे टप्पे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी : थोडी रक्कम उचल म्हणून, एक हप्ता मुरमाची जाडी मोजून झाल्यावर, एक ब्लॉक बसल्यावर, आणि काही रक्कम पहिल्या दमदार पावसानंतर. शेवटच्या अटीला जो ठेकेदार सहज हो म्हणतो, त्याच्या हातचे दोन पावसाळ्यांपूर्वीचे एखादे अंगण आपण जाऊन पाहावे आणि ठेकेदार जवळ नसताना तिथल्या घरधन्याशी बोलावे.

निगेचे काम फारसे नाही. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर सांध्यांत कोरडी वाळू भरावी. पन्हाळीचे पाणी थेट ब्लॉकवर पडू देऊ नये, ते पाइपने नालीत सोडावे. श्रावणात सावलीच्या बाजूला शेवाळ धरते. ते ताठ ब्रशने घासावे, मात्र अॅसिड वापरू नये, कारण ते सिमेंटच खाते. नव्या ब्लॉकवर येणारी पांढरी खार पावसाने हळूहळू धुऊन जाते. शेणाचा सडा मात्र सांध्यांत जाऊन गवताला खत पुरवतो. आमच्या आईला हे पटवणे मला जमले नाही, म्हणून दुसऱ्या वेळी तुळशीपुढची चार फुटांची जागा मातीचीच ठेवली.

कुठे ब्लॉक खचलाच तर सब्बलीने तेवढा भाग उचलून, खाली मुरूम व वाळू भरून, तेच ब्लॉक परत बसवता येतात. त्यासाठी वीस-तीस ब्लॉक जास्तीचे घेऊन गोठ्यात रचून ठेवावेत. पुढच्या वर्षी त्याच साच्याचा आणि रंगाचा माल मिळेलच असे नाही.