जुन्या घराचे माजघर उजळवताना

बेळगावातल्या शहापूरचे वडिलोपार्जित घर विकायला काढले असून दोन ग्राहक "घर अंधारे आहे" म्हणून परत गेले, तेव्हा प्रत्येक खोलीत जास्त वॅटची ट्यूब लावावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, ट्यूब बदलण्याआधी दिवसाचा उजेड घरात येताना कुठे अडतो ते शोधावे.

शहापूर-वडगावकडच्या अनेक जुन्या घरांच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून असतात. उजेड येतो तो पुढच्या सोप्यातून आणि मागच्या परड्यातून, त्यामुळे मधले माजघर भर दुपारीही काळोखे राहते. आमचे वडगावचे घर विकताना माजघरावरची काचेची कौले आम्ही कित्येक वर्षांनी प्रथमच पुसून घेतली. त्यांच्यावर बेळगावच्या पावसाचे शेवाळ आणि आतून चुलीचा धूर असा दुहेरी थर बसला होता. शेजारची दोन मातीची कौले काढून तिथेही काचेची बसवली, डासांच्या जाळ्या धुतल्या, परड्याच्या दारात रचलेल्या पेट्या हलवल्या, आणि काळवंडलेल्या भिंतींना पांढरा चुना दिला. एवढ्यानेच खोली ओळखू येईना. आपल्या घरावर स्लॅब असेल तर कौलांचा उपाय नाही. तिथे चुना आणि दिवे यांवरच भर द्यावा लागेल.

दिव्यांबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच ट्यूबवर सगळी खोली सोपवणे. एका भिंतीवरची ट्यूब कितीही प्रखर असली तरी समोरचे कोपरे आणि कपाटांच्या कडा सावलीत राहतात, आणि भिंती अंधारलेल्या दिसल्या की खोली लहान वाटते. त्याऐवजी माजघरात 9 वॅटचे, म्हणजे प्रत्येकी सुमारे 800 ते 900 ल्यूमेनचे (ल्यूमेन म्हणजे दिव्याच्या उजेडाचे माप), तीन एलईडी दिवे वेगवेगळ्या जागी लावून त्यांतील दोघांचा झोत भिंतीवर पडेल असे करावे. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा, म्हणजे प्रकाशाची रंगछटा सांगणारा, आकडा असतो तो अवश्य वाचावा. 6500 चा निळसर पांढरा प्रकाश सागवानी खांब आणि शहाबादी फरशी फिकी, निस्तेज करतो; सोपा व माजघर यांना 2700 ते 3000 चा पिवळसर, तर स्वयंपाकघराला 4000 चा प्रकाश शोभतो. एकाच खोलीत दोन रंगांचे दिवे मात्र कधीही मिसळू नयेत, कारण जाहिरातीच्या छायाचित्रांत भिंती डागाळल्यासारख्या येतात. ओट्यावरचा दिवा काम करणाऱ्याच्या पाठीमागे नसावा. नाहीतर त्याचीच सावली ओट्यावर पडते.

घर दाखवण्याची वेळही आपण ठरवावी. सोपा पूर्वेकडे असेल तर सकाळी बोलवावे. दक्षिणेकडे खिडकी असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम, कारण तेव्हा आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो आणि ऊन खोलीत आतवर येते; मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर असल्याने तेच ऊन खिडकीपाशीच थांबते.

एका मध्यस्थाने मला न्हाणीघराच्या ओल आलेल्या भिंतीजवळचा दिवा बंद ठेवण्याचा सल्ला दिला होता. मी तो मानला नाही, आपणही मानू नये. गळती आधी दुरुस्त करावी, आणि राहिलेला डाग पुरेशा उजेडात दाखवून त्याचे कारण ग्राहकाला सांगावे. तसेच नवे दिवे जोडण्यापूर्वी जुने वायरिंग आणि अर्थिंग जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे. ग्राहक संध्याकाळी येणार असेल तर तो येण्याआधीच परड्यातल्या दिव्यासकट सगळे दिवे लावून ठेवावेत, म्हणजे सोप्यात पाऊल टाकताच त्याची नजर थेट मागच्या दारापर्यंत जाईल.