काळ्या बॉनेटवरची जाळी

प्रश्न : माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात बारीक गोल ओरखड्यांची जाळी दिसते. घरी निघेल का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : निघेल. पण आधी नख फिरवून बघा. नख अडकलं तर तो ओरखडा खोल. त्याच्या मागं लागू नका. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. घासून गेला की गेला.

उद्यमनगरात माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक काळ्या गाड्यांची ही दशा कोरड्या फडक्यानं होते. उसाच्या हंगामात गाडीवर धुरळा बसतो आणि लोक सकाळी तसाच पुसतात. जीव तुटतो बघून!

शाम्पूनं धुवा, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवा. मग सावलीत, ड्युअल ॲक्शन पॉलिशरला (पॅड गोल फिरवत हलवणाऱ्या मशीनला) मऊ फोमचं पॅड लावून बारीक पॉलिशनं आधी दोन फुटांचाच चौकोन करून बघा. तेवढ्यानं भागलं तर कंपाउंडला, म्हणजे जास्त घासणाऱ्या जाड पॉलिशला, हात लावू नका. कडांवर मास्किंग टेप लावाच, तिथं रंग लवकर उडतो. ड्रिलला पॅड जोडायचा उद्योग मात्र नको.

नुसत्या वॅक्सनं जाळी झाकते, जात नाही.

यापुढं धुताना दोन बादल्या ठेवा : एक शाम्पूची, दुसरी मायक्रोफायबरचा हातमोजा विसळायला.